उन्हाळ्यात पळायला-चालायला हायड्रेशन व्हेस्ट घ्यावा का? बराच वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. उन्हाळ्यातही ज्यांना बाहेरच पळायचंय, टेकडी चढायचीय, लांब चालायचंय आणि तासाभराच्या वर उन्हात राहायचंय, त्यांनी हायड्रेशन व्हेस्ट, म्हणजे पाठीवर पाण्याची पिशवी असलेलं बिनबाह्यांचं जाकीट, नक्की घ्यावा. पण ज्यांचं सगळं तासाच्या आत आटपतं किंवा जे खूप दमट हवेत पळतात त्यांनी आधी हातातली बाटली नाहीतर बाटली खोचायचा कमरेचा पट्टा वापरून बघा, कारण हा व्हेस्ट पाठ झाकतो आणि उन्हाळ्यात पाठ झाकणं ही छोटी गोष्ट नाहीये, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. या व्हेस्टची रचना बहुतेक कंपन्यांची सारखीच असते आणि मला जे आवडलं, जे खटकलं ते जवळपास सगळ्यांना लागू पडतं. माझ्याकडचा आहे दीड लिटरच्या पिशवीचा. पिशवी पाठीवर, तिची नळी खांद्यावरून पुढे, टोकाला चावून प्यायचा व्हॉल्व्ह, आणि छातीवर दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा लिटरच्या मऊ बाटल्यांचे, म्हणजे सॉफ्ट फ्लास्कचे खिसे. शिवाय फोन, किल्ली, टोपी असं सटरफटर ठेवायला कप्पे. नेहमीच्या सॅकमध्ये आणि यात मोठा फरक हा की याचं वजन खांद्यांवर लोंबत नाही, बरगड्यांभोवती वाटलं जातं, त्यामुळे पळताना हात मोकळे राहतात आणि खांदे आखडत नाहीत.

या कल्पनेचा जन्मच उन्हाळ्यातला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सला ऑगस्टच्या उन्हात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल राइडमध्ये मायकेल आयडसन नावाच्या सायकलस्वाराने, जो ॲम्ब्युलन्सवर काम करायचा, सलाइनच्या पिशवीत पाणी भरलं, ती पिशवी लांब मोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीला शिवला आणि नळी खांद्यावरून पुढे आणून कपड्यांच्या चिमट्याने अडकवली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक कंपनी उभी राहिली. आजच्या व्हेस्टमध्ये कापड बदललं, व्हॉल्व्ह बदलला, पट्टे बदलले, पण मूळ गोष्ट तीच आहे, न थांबता आणि हात न लावता घोट घेता आला पाहिजे.

आणि हेच या वस्तूचं सगळ्यात मोठं सुख आहे. हातातल्या बाटलीने पळण्याची लय बिघडते, एक खांदा वर राहतो, आणि मुख्य म्हणजे बाटली अर्ध्या लिटरची असल्यामुळे रस्ता पाण्यावरून ठरवावा लागतो, म्हणजे नळ कुठे आहे, परत घरावरून कधी जायचं, असं सगळं. व्हेस्ट आल्यापासून मी रस्ता सावलीवरून ठरवते! झाडं जास्त कुठे आहेत, सकाळी कोणत्या बाजूला सावली पडते, माती कुठे आणि डांबर कुठे, यावरून. उन्हाळ्यात हा बदल खूप मोठा आहे कारण थेट ऊन अंगावर घेणं आणि सावलीत पळणं यात हवेचं तापमान तेच असलं तरी शरीरावर पडणारा ताण अजिबात सारखा नसतो.

आता किती पाणी भरायचं. इथे बहुतेक जण दुकानातून आणल्या आणल्या पिशवी गळ्यापर्यंत भरतात, पुढच्या दोन्ही बाटल्याही भरतात आणि अडीच किलो पाणी घेऊन चाळीस मिनिटं पळतात. गरज नाही हो. पाण्याचं वजन वाहायला पण कष्ट पडतात, कष्ट म्हणजे अंगात तयार होणारी जास्तीची उष्णता, म्हणजे ज्या उष्णतेसाठी पाणी घेतलं तीच थोडी वाढवली आपण. त्यापेक्षा एकदा स्वतःचा घाम मोजा. कमीत कमी कपड्यांवर पळायच्या आधी वजन करा, तासभर पळून आल्यावर घाम पुसून पुन्हा वजन करा, आणि मधे जेवढं पाणी प्यायलात ते त्यात मिळवा. समजा आधी ६० किलो भरलं, नंतर ५९.२, आणि मधे ३०० मिली प्यायलात, तर तासाला साधारण १.१ लिटर घाम गेला. माणसामाणसात यात प्रचंड फरक असतो, कुणाचा तासाला अर्धा लिटर तर कुणाचा दोन लिटर, त्यामुळे मैत्रिणीने किती पाणी नेलं ते बघून उपयोग नाही. खेळाडूंसाठीच्या मार्गदर्शनात साधारण नियम असा सांगतात की घामाने वजन २ टक्क्यांपेक्षा जास्त घटू देऊ नये. ६० किलोला ते १.२ किलो. म्हणजे वरच्या उदाहरणात एक तास पळायला निघताना नीट पाणी पिऊन निघालात तर चार घोट जवळ असले तरी पुरतं, पण दोन तास म्हटलं की २.२ लिटर घाम, त्यातले कमीत कमी १ लिटर तरी वाटेत प्यायला हवेत, आणि थोडं शिलकीचं धरलं की दीड लिटरची पिशवी अगदी बरोबर बसते. मला दीड लिटरचा आकार म्हणूनच पटला, दोन लिटरवाला दिवसभराच्या ट्रेकला ठीक आहे.

यात एक गंमत अशी की उन्हाळा सुरू होताना केलेलं हे गणित दोन आठवड्यांनी चुकतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात, रोज थोडं थोडं बाहेर व्यायाम केला तर, आणि त्यात रक्तातला पातळ भाग वाढतो, त्याच वेगाला नाडी आधीपेक्षा कमी धावते, घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो, मात्र त्यातलं मीठ कमी होतं. म्हणजे सवय झाली की पाणी कमी लागेल असं वाटतं ना, तर उलट, जास्त लागतं! सवय झालेलं शरीर जास्त घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात लिटरभर पुरत असेल आणि तिसऱ्या आठवड्यात पिशवी लवकर रिकामी होत असेल तर काळजी करू नका, पुन्हा वजन करून बघा आणि त्याप्रमाणे भरा. आणि मधे काही आठवडे एसीत बसून काढले तर ही सवय मोडते, मग परत हळूहळूच सुरुवात करायची.

नळी तोंडाजवळ असली की पाणी सहज प्यायलं जातं, हा फायदाच आहे, पण यातला धोका कुठल्याच जाहिरातीत येत नाही म्हणून इथे जरा थांबून लिहिते. जास्त पाणी पिणंही धोक्याचं असतं. हळू चालणारे, तासन् तास बाहेर असणारे लोक दर पाच मिनिटाला नळी चोखत राहिले आणि घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याच्याही खाली, म्हणजे कमी पडलेलं होतं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं त्यांच्यात हे जास्त दिसलं. वजन वाढलं म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायले. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं यातही येतात आणि उष्णतेच्या त्रासातही येतात, त्यामुळे बघणारा बिचारा अजून पाणी पाजतो आणि अवस्था बिघडते. म्हणून माझा नियम साधा आहे, तहान लागली की प्यायचं, सवय म्हणून नळी चोखत राहायची नाही, आणि परत आल्यावर वजन निघतानाच्या पेक्षा जास्त भरलं तर पुढच्या वेळी कमी प्यायचं.

या व्हेस्टची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पाठ. घाम आला म्हणून आपण थंड होत नाही, घाम वाळला म्हणून थंड होतो. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळून गेला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम ठिबकून जमिनीवर पडला तर जवळपास काहीच नेत नाही. आता ६० किलोचं माणूस तासात ९ किलोमीटर पळालं तर साधारण ५४० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातला तीन चतुर्थांशाच्या वरचा भाग निव्वळ उष्णता असतो जो बाहेर टाकायलाच लागतो. म्हणजे हिशोब तसा जमण्यासारखा असतो, पण घाम वाळला तर! आणि व्हेस्ट नेमका पाठीच्या मोठ्या भागावर चिकटून बसतो, तिथे हवा लागत नाही, घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. जाळीचं कापड दिलंय, मधे हवा खेळायला खाचा दिल्यात, कंपनीच्या पानावर बाण काढून वारा कसा वाहतो ते दाखवलंय, पण प्रत्यक्षात पिशवी भरली की ती फुगते आणि त्या खाचा दाबून टाकते, त्यामुळे पहिला अर्धा तास पाठीला वारा लागतच नाही. पिशवी अर्धी झाली की मग थोडं बरं वाटतं.

कोरड्या हवेत हे चालून जातं कारण हात, पाय, मान, चेहरा इथला घाम झटपट वाळतो. दमट हवेत मात्र सगळीकडचाच घाम वाळायला वेळ लागतो आणि अशा वेळी पाठ झाकली की फरक चांगलाच जाणवतो. हवामानाच्या ॲपवर नुसतं तापमान बघून निघू नका म्हणते ते यासाठीच. खेळाच्या आणि सैन्याच्या सरावासाठी वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर नावाचा एक आकडा वापरतात, १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्याच्या प्रशिक्षण तळांसाठी तो बनवला गेला. त्यात ओल्या कापडाच्या थर्मामीटरला, ज्यात हवेचा दमटपणा कळतो, ७० टक्के वजन, काळ्या गोलाच्या थर्मामीटरला म्हणजे थेट उन्हाला २० टक्के, आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. साधं तापमान, जे आपण सगळे बघतो, त्याला फक्त दहा! दमटपणा किती महत्त्वाचा आहे ते यावरूनच कळतं. ज्या दिवशी हवा चिकट वाटते, कपडे वाळत नाहीत, त्या दिवशी मी व्हेस्ट घरी ठेवते, हातात बाटली घेते आणि छोटा फेरा परत परत मारते.

बर्फाबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की पिशवीत बर्फ भरला की पाठ थंड राहील आणि खूप वेळ पळता येईल. थंड वाटतं हे खरं, आणि थंड पाणी प्यायला बरं वाटतं त्यामुळे पुरेसं प्यायलं जातं हेही खरं. पण हिशोब बघा, अर्धा किलो बर्फ वितळायला ४० किलोकॅलरी घेतो आणि ते पाणी पिऊन अंगाच्या तापमानाला यायला अजून अठरा-एकोणीस, म्हणजे सगळे मिळून साठच्या आत, आणि तासाभराच्या पळण्यात तुम्ही चारशेच्या वर तयार करताय. मदत आहे, पण बर्फ घातलाय म्हणून दुपारी पळायला जायचं नाही. बर्फ करायचा तर पिशवी अर्धीच भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि शिवण उसवते, नळी आणि व्हॉल्व्ह काढून बाहेर ठेवा, सकाळी उरलेलं पाणी घाला.

फिटिंग. वस्तू कितीही चांगली असली आणि फिटिंग चुकलं तर वापरणं नकोसं होतं. साइज उंचीवरून घेऊ नका, छातीच्या घेरावरून घ्या, टेप घेऊन मोजा, ज्या कपड्यावर पळणार त्याच कपड्यावर मोजा. दुकानात बघायचं असेल तर पिशवीत पाणी भरायला सांगा, रिकामा व्हेस्ट सगळ्यांनाच छान बसतो. जागच्या जागी पळा, दोन-चार उड्या मारा, हात डोक्यावर न्या. पाठीवर वरखाली उडत असेल तर पट्टे ओढून प्रश्न सुटत नाही, साइजच मोठी आहे. आणि पाणी संपत जातं तसा व्हेस्ट सैल होतो, त्यामुळे पळता पळता एका हाताने ओढता येतील असे बाजूचे पट्टे हवेत, माझ्यात ते आहेत आणि ते मला फार आवडलेत.

बायकांनी एक गोष्ट जरूर बघा. छातीवरचे दोन आडवे पट्टे वरखाली सरकवता येतात का? काही व्हेस्टमध्ये ते एकाच जागी शिवलेले असतात आणि ते नेमके नको तिथे येतात, श्वास दाबल्यासारखा होतो. शिवाय पुढचे बाटल्यांचे खिसे भरले की छातीवर दोन टणक गोळे बसतात, त्यापेक्षा लांबट, पातळ बाटल्या कुशीकडे झुकलेल्या असतील तर बरं पडतं. स्पोर्ट्स ब्राचा हुक पाठीमागे असेल तर तो पिशवीखाली येऊन घासतो आणि घामात त्याची जखम होते, त्यामुळे डोक्यातून घालायची घ्या. मानेच्या बाजूला आणि काखेच्या कडेला आधी व्हॅसलीन लावलं तर कातडी सोलवटत नाही. सनस्क्रीनही व्हेस्ट घालायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्ट्यांनी ते पुसलं जातं, आणि दोन तासांच्या वर बाहेर असाल तर परत लावायचंच. मान आणि खांद्याचा वरचा भाग व्हेस्टमध्येही उघडा राहतो, तो पहिला भाजतो. मी अंगात पूर्ण बाह्यांचा सैल यूपीएफ ५० चा शर्ट घालते, त्यातून अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो, आणि वर व्हेस्ट. पहिल्यांदा लांब बाह्या म्हणजे गरम होईल वाटतं पण पातळ कापड असेल तर तसं होत नाही.

पाणी डुचमळल्याचा आवाज येतो अशी तक्रार खूप जण करतात. तो आवाज पिशवीत राहिलेल्या हवेचा असतो. पाणी भरून तोंड बंद केलं की पिशवी उलटी धरा, हवा नळीपाशी वर येते, ती चोखून काढा, आवाज बंद. नळीचा दुसरा त्रास म्हणजे उन्हात बाहेर राहिलेल्या नळीतलं पाणी तापतं आणि पहिला घोट अगदी गरम येतो. घोट घेऊन झाला की नळीत हलकेच फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं, नळी रिकामी राहते, पुढचा घोट गार. नळीवर चढवायचं जाड कव्हर मिळतं, उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो.

साफसफाईबद्दल मात्र मी या वस्तूला मनापासून कमी मार्क देते. पिशवी टीपीयू नावाच्या मऊ प्लास्टिकची असते, तोंड अरुंद, आत हात जात नाही, कोपऱ्यात पाणी राहतंच, आणि उन्हाळ्याच्या गरम हवेत त्या थेंबभर पाण्यात आणि नळीत काळी बुरशी धरायला वेळ लागत नाही. नळीसाठी लांब बारीक ब्रश लागतो जो बहुतेक कंपन्या बरोबर देत नाहीत, वेगळा घ्यायला लावतात, हे मला अजिबात पटत नाही, जी वस्तू नीट धुतली नाही तर आजारी पाडेल तिच्याबरोबर ब्रश आलाच पाहिजे. माझी पद्धत अशी, आल्या आल्या सगळं रिकामं करायचं, कोमट पाण्याने धुवायचं, व्हॉल्व्ह सुटा करून चोळायचा, नळीतून ब्रश फिरवायचा, आणि पिशवी आत काहीतरी अडकवून तोंड उघडं राहील अशी उलटी टांगायची. लवकर परत वापरायची असेल तर धुऊन सरळ फ्रीजरमध्ये ठेवते, गोठवल्याने जंतू मरतात असं नाही पण वाढत नाहीत. नव्या पिशवीला प्लास्टिकचा वास येतो तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की जातो.

व्हॉल्व्हही नाजूक असतो. माझा काही महिन्यांत ठिबकायला लागला, चावून चावून त्याची फट मिटेनाशी झाली. आणि पिशवीला नळी जिथे जोडते तिथली छोटी रबरी रिंग झिजली तर कंपनीकडे फक्त ती रिंग मिळत नाही, पूर्ण पिशवी घ्या म्हणतात. एवढ्याशा रिंगसाठी चांगली पिशवी फेकायची हे चूक आहे, आणि ग्राहक म्हणून मी हे प्रत्येक ठिकाणी लिहिणार आहे. घेण्याआधी विचारा, व्हॉल्व्ह, नळी, रिंग सुटे मिळतात का.

पिशवीत फक्त साधं पाणी घाला, हे माझं ठाम मत. क्षार किंवा साखर असलेलं काहीही घालायचं तर पुढच्या मऊ बाटलीत, तिचं तोंड मोठं असतं, धुता येते. यात दुसरा फायदा असा की पाठीवर साधं, छातीवर क्षारांचं, तोंडाला जे हवं ते प्यायचं, आणि वेळ आली तर साधं पाणी डोक्यावर मानेवर ओतता येतं, चिकट पाणी ओतता येत नाही. तासभराच्या व्यायामाला क्षारांची गरज सहसा नसते. त्याच्या वर, आणि ज्यांच्या टोपीवर कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडतात त्यांना, फायदा होतो. ओआरएस आणि स्पोर्ट्स ड्रिंक एकच समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, सोडियम ७५ मिलिमोल, तो मुळात जुलाबासाठी बनवलेला आहे. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर त्याच्या कितीतरी पट आणि सोडियम बरंच कमी असतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून दोन्ही थोडं थोडं हवं, पण साखर जास्त झाली की पोट जड होतं आणि उन्हात ते फार त्रास देतं. पाकिटावर जेवढ्या पाण्यात सांगितलंय तेवढ्यातच घाला, अर्ध्या पाण्यात घातलं म्हणून दुप्पट उपयोग होत नाही.

व्हेस्टवर छोटी शिट्टी असते छातीच्या पट्ट्याला. बहुतेकांना ती शोभेची वाटते. डोंगरात मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. उत्तर म्हणून तीन येतात. उन्हाने घसा कोरडा पडलेला असताना ओरडता येत नाही पण शिट्टी वाजवता येते. बरोबरच्यांनाही ही खूण सांगून ठेवा.

आता जे व्हेस्ट करू शकत नाही ते. पाणी पाठीवर आहे म्हणून उष्माघात होणार नाही असं समजणं घातक आहे. भरपूर पाणी प्यायलेल्या तरुण, फिट माणसालाही जोरात पळताना उष्माघात होतो, कारण प्रश्न पाण्याइतकाच उष्णता किती तयार होतेय आणि किती बाहेर पडतेय याचा असतो. वेग कमी करणं हा त्यावरचा सगळ्यात खरा उपाय आहे. उन्हाळ्यात त्याच वेगाला नाडी जास्त धावते, त्यामुळे घड्याळातल्या वेगाकडे बघूच नका, दोन वाक्यं सलग बोलता येतायत का ते बघा. बरोबरचा माणूस अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, चिडायला लागला, वागणं बदललं तर थांबा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं अजिबात नाही, व्यायामातल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि डोक्यात गोंधळ, म्हणजे एक एक मिनिट मोलाचं. पहिल्यांदा व्हेस्ट काढा, तो पाठ तापवत असतो, सावलीत न्या, मदतीला फोन लावा आणि पिशवीतलं सगळं पाणी अंगावर ओतून वारा घाला, बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवता आलं तर सगळ्यात उत्तम. आधी थंड करायचं आणि मग हलवायचं, हा क्रम डॉक्टरही सांगतात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी नळी तोंडाला लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, तेही विचारून घ्या.

मार्क द्यायचे तर पाणी जवळ असण्याच्या सोयीला पाचपैकी पाच, बसण्याला चार, पाठीच्या वाऱ्याला दोन, साफसफाईला दीड. घेताना रंग फिकट घ्या, उन्हात काळा जास्त तापतो, आणि अंधारात लवकर निघत असाल तर पाठीवर चमकणारी पट्टी आहे ना ते बघा. दोन साइजच्या मधे अडकलात तर लहान घ्या, पण पिशवी भरून छातीचे पट्टे लावल्यावर पोटभर श्वास घेता आला पाहिजे, नाही आला तर ती साइज परत करा आणि मोठी मागवा.